मामाच्या भेंडीवरचा मावा

मावा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गोडघाशांना गुलाबजाम दिसतील. कॉलेजबाहेरच्या टपरीवर पडीक असणाऱ्यांना वेगळाच मावा दिसेल, त्याबद्दल इथे न बोललेलंच बरं. पण भाजीपाला करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्यासमोर हा शब्द काढून बघा. त्याच्या कपाळावर आठी आलीच म्हणून समजा.

मला हा तिसरा मावा यंदा गणपतीत भेटला. आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून थोडं आत, माझ्या मामाचं घर आहे. पहिल्या दिवशी आरती झाली, तळणीचे मोदक झाले, पण मामा काही दिसेना. विचारलं तर मामी म्हणाली, ‘‘वावरात असतील. भेंडीत मावा पडलाय. दोन दिवस झोप नाय त्यांना.’’

मामाची पंधरा गुंठे भेंडी आहे. एवढ्याशा तुकड्यासाठी झोप उडण्याचं कारण कॅलेंडरमध्ये होतं. गणपती गेले की पितृपक्ष लागतो. श्राद्धाच्या ताटात भेंडी, गवार, कारलं लागतं, त्यामुळे त्या पंधरवड्यात या भाज्यांना भाव मिळतो. मामाने जुलैमध्ये भेंडी टोकली तीच हा हिशोब करून. आता तोडा ऐन भरात यायच्या वेळेला पानं आकसायला लागली होती.

मीही वावरात गेले. मामाने एक पान उलटं करून दाखवलं. पानाच्या पाठीवर हिरवट-काळपट, खसखशीएवढे शेकडो ठिपके होते. नीट पाहिलं तर ठिपके हळूहळू हलत होते. पान हाताला चिकट लागत होतं आणि देठावरून मुंग्यांची रांग चालली होती.

‘‘मुंग्या कशाला आल्यात?’’ मी विचारलं.

‘‘दूध काढायला,’’ मागून उत्तर आलं.

हे उत्तर देणारी माझी मामेबहीण. बीएस्सी अॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या तिचं ‘रावे’ चालू आहे. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांनी काही महिने गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं. अशा मुलींना ‘कृषिकन्या’ म्हणतात. आमची कृषिकन्या दुसऱ्या गावातल्या शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं दाखवून आली होती. घरचा शेतकरी तेवढा तिचं ऐकत नव्हता.

सगळ्या आयाच

मावा पानात सुईसारखं तोंड खुपसून रस पितो. रसात साखर जास्त, त्याच्या कामाचे पोषक घटक कमी. म्हणून तो भरपूर रस ओढतो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने टाकून देतो. पान चिकट होतं ते त्यामुळे. मुंग्या हा गोड थेंब चाटायला येतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. उरलेल्या चिकट थरावर काळी बुरशी धरते. शिवाय मावा या झाडावरून त्या झाडावर जाताना विषाणूही घेऊन जातो. मिरची, काकडी, पपई अशा पिकांत हे विषाणूजन्य रोग माव्यापेक्षाही जास्त नुकसान करतात.

पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. पानावर दिसत होते ते झाडून सगळे मावे माद्या होत्या. आपल्या उष्ण हवेत माव्याला नराची गरजच पडत नाही. मादी अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात! पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः आई होतं. सोमवारी चार मावे दिसले म्हणून दुर्लक्ष केलं, तर पुढच्या रविवारी अख्खं पान भरलेलं असतं ते यामुळे.

एवढ्या भराभर पिढ्या झाल्या की औषधाला दाद न देणारे मावेही भराभर तयार होतात. कोबी, बटाटा, मिरचीवर येणारा ‘मायझस पर्सिकी’ नावाचा मावा जगभरात मिळून सत्तरहून अधिक रसायनांना सरावलेला आहे.

मागच्या वर्षीचा पंप

‘‘उद्या सकाळी मारून टाकतो,’’ मामा म्हणाला. मारतो म्हणजे फवारतो. आमच्या कृषिकन्येचा चेहरा उतरला. मामी काही न बोलता आत गेली.

कारण मला नंतर कळलं. मागच्या वर्षी मामाने भर दुपारी, तोंडाला नुसता रुमाल बांधून, लागोपाठ सहा पंप फवारले होते. संध्याकाळी त्याला गरगरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं. रात्री गाडी करून दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवसांनी तो घरी आला. आम्हाला पुण्यात सांगितलं होतं, ‘‘पित्त झालं होतं.’’

आपल्या राज्याला ही गोष्ट नवी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तेव्हा मी शाळेत होते. टीव्हीवर बातमी बघितली असेल आणि चॅनेल बदलला असेल.

त्या रात्री जेवताना बाप-लेकीची जुंपली.

‘‘पप्पा, बुरशी फवारून बघू ना. व्हर्टिसिलियम.’’

‘‘आणली होती की मागल्या वर्षी. काय फरक पडला न्हाय. पाकिटाचे पैसे पाण्यात.’’

‘‘कधी फवारली होती?’’

‘‘सकाळी अकराला. टायमाला मारली बरोबर.’’

‘‘पंपात अजून काय टाकलं होतं?’’

‘‘भुरीचं औषध. एकाच पंपात दोन कामं.’’

कृषिकन्येने कपाळावर हात मारला. भुरी हा बुरशीमुळे होणारा रोग. त्याचं औषध म्हणजे बुरशीनाशक. म्हणजे मामाने पैसे देऊन जिवंत बुरशी आणली, ती बुरशी मारणाऱ्या औषधात कालवली आणि उरलीसुरली अकराच्या उन्हात भाजून काढली. हे ऐकून मामी पहिल्यांदा हसली. मामाही हसला, पण थोडा उशिरा.

बुरशी करते काय?

जेवणं उरकल्यावर अंगणात मी माझी वही काढली (इंटर्नशिपची सवय!) आणि कृषिकन्येने लेक्चर सुरू केलं.

अळ्यांसाठी वापरले जाणारे जिवाणू किंवा विषाणू किडीने खावे लागतात. पोटात गेले तरच ते काम करतात. मावा मात्र पान खातच नाही, तो आतला रस ओढतो. पानावर काय फवारलंय ते त्याच्या पोटात जाण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून त्याला पोटातून नाही, तर कातडीतून गाठावं लागतं आणि ते काम बुरशीला जमतं.

पाकिटातल्या पावडरीत बुरशीचे बीजाणू असतात. बीजाणू माव्याच्या अंगाला चिकटतो. हवेत पुरेसा ओलावा असेल तर काही तासांत त्याला बारीक कोंब फुटतो. हा कोंब मेद, प्रथिनं आणि कायटिन विरघळवणारी विकरं सोडतो, कातडी पोखरतो आणि आत शिरतो. मग बुरशी आतल्या आत वाढते, माव्याचे अन्नघटक खाते. चार ते सात दिवसांत मावा मरतो. हवा दमट असेल तर मेलेल्या माव्याच्या अंगावर पांढरा कापूस उगवतो. त्या कापसात नवे बीजाणू असतात, शेजारच्या माव्याला लागण करायला तयार.

माव्यासाठी जास्त वापरली जाणारी बुरशी म्हणजे ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’. शास्त्रज्ञांनी मध्येच तिचं नाव बदलून ‘लेकॅनिसिलियम’ केलं, पण दुकानात आणि वावरात जुनंच नाव चालतं. तिच्या दोन प्रसिद्ध मैत्रिणी आहेत, ‘ब्यूव्हेरिया’ आणि ‘मेटारायझियम’. उसातल्या हुमणीसाठी मेटारायझियम आपल्याकडे बरीच वापरली जाते. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तर तिघींना एकत्र करून ‘बीव्हीएम’ नावाचं उत्पादन काढलंय.

ही आयडिया आजकालची नाही. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तीनो बास्सी यांनी दाखवून दिलं, की रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून मरतात त्याला एक बुरशी कारणीभूत असते. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे सिद्ध करणाऱ्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. त्या बुरशीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, ‘ब्यूव्हेरिया बासियाना’. १८७९ च्या सुमारास इल्या मेचनिकोव्ह यांनी ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर मेटारायझियमचे प्रयोग केले. हेच मेचनिकोव्ह पुढे १९०८ मध्ये नोबेल घेऊन गेले, पण ते आपल्या रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.

बास्सींच्या गोष्टीत एक इशाराही आहे. ज्या बुरशीने तिथे रेशीम बुडवलं, तीच आज आपण पाकिटातून विकत घेतो. त्यामुळे मराठवाड्यात वगैरे जिथे रेशीम शेती आहे, तिथे तुतीच्या आसपास ब्यूव्हेरिया फवारणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणं. ‘जैविक’ लिहिलंय म्हणून डोळे मिटून वापरायचं, असं नसतं.

अर्ध्या सऱ्या तुझ्या

शेवटी तह झाला. ‘‘अर्ध्या सऱ्या तुझ्या, अर्ध्या माझ्या,’’ मामा म्हणाला. ‘‘बघू कोणाची भेंडी पितृपक्षाला जातीय.’’

दुसऱ्या दिवशी कृषिकन्या आणि मी पाकीट आणायला गेलो. पहिल्या दुकानात पाकीट होतं, पण काउंटरच्या काचेत, थेट उन्हात ठेवलेलं आणि मुदत संपत आलेलं. तिने ते परत केलं. दुसरीकडे सावलीतलं, ताज्या तारखेचं मिळालं. पाकिटावर नोंदणी क्रमांक, एका ग्रॅममध्ये किती जिवंत बीजाणू आणि वापरायची शेवटची तारीख, एवढं तिने तीनदा वाचलं. मी आयुष्यात बिस्किटाच्या पुड्याचीही तारीख बघितलेली नाही!

मामाने आपल्या सऱ्या सकाळीच उरकल्या होत्या. या वेळी मात्र मामीने त्याला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय सोडलं नाही. डब्यावर पिवळा त्रिकोण होता. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, त्याखालोखाल पिवळा. हेही मला त्याच दिवशी कळलं.

आमची पाळी संध्याकाळी साडेपाचनंतर. पंप आधी दोनदा धुतला, जुन्या औषधाचा अंश राहायला नको म्हणून. एका लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला पंचाहत्तर ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवून, गाळून, मग पंपात. नोझल खालून वर धरायचं, कारण मावा पानाखाली असतो. मास्क आम्हीही लावला. बुरशीची ही पावडर विष नसली तरी नाकात गेली तर काहींना अॅलर्जी होऊ शकते. माझी पाठ दुसऱ्या पंपालाच बोलायला लागली. पंधरा लिटर पाणी पाठीवर घेऊन चिखलात चालणं हा कुठल्याही जिमच्या लेग डेपेक्षा भारी प्रकार आहे.

संध्याकाळच का? कारण उन्हातली अतिनील किरणं बीजाणूंना मारतात आणि कोंब फुटायला रात्रीचा दमटपणा लागतो. गणपतीतली पावसाळी हवा म्हणजे या बुरशीची दिवाळीच.

पाचवी सकाळ

पुढच्या सकाळी मामाच्या सऱ्यांतला मावा बहुतेक मेला होता. आमच्या सऱ्यांत मावा जिथल्या तिथे, मजेत. मामाने काही म्हटलं नाही, फक्त मिशीतल्या मिशीत हसला.

दुसरा दिवस, तसंच. तिसरा दिवस, तसंच. मला तर वाटायला लागलं, की पाकिटात गव्हाचं पीठ होतं. कृषिकन्या वरून शांत होती, पण रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये पानं बघायला जायची.

फवारणीनंतरच्या पाचव्या सकाळी तिने मला हाक मारून उठवलं. हातात भिंग दिलं. पानाखाली मावे होते तिथेच, पण हलत नव्हते. काही तपकिरी पडले होते आणि बऱ्याच जणांच्या अंगावर पांढरी लव आली होती, साबुदाण्यावर बुरा यावा तशी. मामाला बोलावलं. त्याने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग दुसरं पान उलटलं. मग तिसरं.

सगळा मावा मेला होता का? नाही. बीजाणू चिकटल्यावर लगेच माव्याने कात टाकली, तर कातीबरोबर बीजाणूही निघून जातो. पानांच्या घड्यांत फवारा पोचलेला नसतो. म्हणून सात-आठ दिवसांनी दुसरी फवारणी लागतेच. ती मी पुण्याला परतल्यावर झाली, मला फक्त व्हॉट्सअॅपवर फोटो आले. त्यात आमच्या सऱ्यांत लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या, म्हणजे ढालकिड्याच्या अळ्याही दिसल्या. हा गडी दिवसाला ढिगाने मावा खातो. मामाच्या सऱ्यांत तो दिसला नाही आणि पितृपक्षाच्या तोंडावर तिथे कोवळ्या शेंड्यांवर मावा पुन्हा दिसायला लागला.

आता लगेच ‘बुरशी जिंकली’ असं स्टेटस टाकू नका. आमच्या सऱ्यांतले पहिले दोन तोडे बारीकच निघाले, कारण मावा मरेपर्यंत रस पीतच होता. तेवढे पैसे मामाचे गेले. शिवाय हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. एक वावर, एक हंगाम, शेजारी-शेजारी सऱ्या. एप्रिलच्या कोरड्या उन्हात हेच केलं असतं तर बहुतेक फसलो असतो. मामाचं मत विचाराल तर तो एवढंच म्हणाला, ‘‘बुरशी मावा पडल्यावर न्हाय, मावा दिसल्यावर मारायची चीज आहे.’’ पडल्यावर म्हणजे शेकडो झाल्यावर. दिसल्यावर म्हणजे चार असताना. म्हणजे रोज पान उलटून बघायला हवं. विषाला हे लागत नाही. ते कधीही, कसंही मारलं तरी मारतं, कधी कधी फवारणाऱ्यालाही. बुरशी जिवंत आहे. तिला ऊन सोसत नाही, कोरडी हवा चालत नाही आणि तिची वाट बघावी लागते.

आपला काय संबंध?

आहे ना. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, अॅग्रीवाल्यांनो, इथे तुमच्यासाठी ढीगभर प्रोजेक्ट पडलेत. ही बुरशी तांदळाच्या कणीवरसुद्धा वाढते. पण ती पाकिटात महिनोन् महिने जिवंत कशी ठेवायची, आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोदामात कशी टिकवायची, उष्णता सोसणारे वाण कुठे शोधायचे, हे अवघड प्रश्न आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मेटारायझियमवर बरंच काम झालंय. कृषी विद्यापीठांत आणि अनेक कृषी विज्ञान केंद्रांतही अशा बुरशा तयार होतात. जाऊन बघा, विचारा.

आणि ज्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीलाच तुटला त्यांच्यासाठी हा शेवटचा किस्सा.

भेंडीचा तोडा दिवसाआड करावा लागतो. तीन-चार दिवस थांबलं तर ती निबर होते आणि मग कोणी घेत नाही. रासायनिक औषधाच्या लेबलवर मात्र फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. हे दोन्ही एका वावरात कसं जमवायचं? मामाने जमवलं नाही. फवारणीच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या सऱ्यांतली भेंडी क्रेटमध्ये भरून टेम्पोत चढली आणि पुण्याच्या मार्केट यार्डाला गेली. त्याच दुपारी घरात भेंडीची भाजी होती. मामीने ती आमच्या सऱ्यांतून तोडली होती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, ‘‘पोरं घरात आहेत म्हणून गं.’’

मामीला मी काय बोलणार? मामाने त्या पिकासाठी सोसायटीचं कर्ज काढलंय आणि आपल्याला मंडईत भेंडी कोवळी, हिरवीगार, एकही डाग नसलेली आणि स्वस्त हवी असते.

निघताना मामीने पिशवी भरून भेंडी दिली. ‘‘तुमच्या सऱ्यांतली आहे,’’ ती म्हणाली. रूमवर आल्यावर आम्ही तिघींनी ती दोन दिवस पुरवून खाल्ली. तिसऱ्या दिवशी मेसच्या ताटात पुन्हा भेंडीच होती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. ती कुठल्या सऱ्यांतली होती, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.